नाव आहे, फाईल नाही
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या दुरुस्तीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि संगणक घरात येऊन तर उणीपुरी दोन वर्षे झाली. परंतु गेल्या पावसाळ्यात एका एवढ्याशा खिडकीने मला तीन आठवडे जे हैराण केले, त्यातून जे कळले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला सापडले नव्हते. पुढे तशीच खिडकी वर्गातल्या तीन-चार जणींच्या लॅपटॉपवर पाहिली, तेव्हा संपादक सरांना विचारून हा लेख लिहायला घेतला. कविता द्यायची होती, ती राहिली.

आधी लॅपटॉपविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळी धडपड त्याच्यासाठीच होती. तो सेकंडहँड आहे, आणि आईच्या बचत गटातून कर्ज काढून घेतलेला आहे. गटात बारा बायका. कर्ज देताना त्यांनी अट घातली होती की, 'पोरीनं गटाचा हिशेब त्याच्यावर ठेवायचा.' त्याप्रमाणे कोणाची बचत किती, कोणाचे कर्ज किती, व्याज किती, हप्ता कोणाचा चुकला, हे सारे मी एक्सेलमध्ये मांडू लागले. वर्षभराने वहीत लिहिणे बंद झाले. 'आता कशाला दोन ठिकाणी लिहायचं?' असे मीच मोठ्या ऐटीत म्हटले होते. ते वाक्य मला पुढे फार महागात पडायचे होते.

जुलैमधल्या एका सकाळी लॅपटॉप सुरू केला आणि पडद्याच्या मधोमध एक करडी खिडकी उघडली. वर नाव होते 'रनडीएलएल'. खाली इंग्रजीत लिहिले होते, त्याचा मराठीत अर्थ असा : अमुक फाईल सुरू करताना अडचण आली, सांगितलेले मॉड्यूल सापडले नाही. आणि फाईलचा लांबलचक पत्ता : सी, मग यूजर्स, मग माझे नाव, मग ॲपडेटा, लोकल, मग कुठल्याशा अनोळखी फोल्डरचे नाव आणि शेवटी अक्षरांचा एक निरर्थक पुंजका, त्याला '.डीएलएल' ही शेपूट. 'ओके' दाबले, खिडकी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. त्याच सुमारास ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी एक भलतेच शोधाचे पान येऊ लागले, आणि त्यावर वजन कमी करण्याच्या जाहिराती.

मी घाबरले. 'सापडले नाही' हे शब्द वाचले की माणसाला आपलेच काहीतरी हरवले असे वाटते. तालुक्याच्या गावी एका दुकानात लॅपटॉप नेला. तिथल्या दादांनी खिडकी पाहिली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, 'ताई, विंडोच मारावी लागंल. पाचशे रुपये.' विंडो मारणे, म्हणजे संगणक पार कोरा करून विंडोज नव्याने घालणे. मी विचारले, 'आणि आतल्या फाईली?' ते म्हणाले, 'काढून घ्या. राहिल्या तर राहिल्या, ग्यारंटी नाही.' मी लॅपटॉप तसाच पिशवीत घातला आणि एस.टी. पकडली. बारा जणींचा वर्षभराचा हिशेब मांडीवर घेऊन बसल्यासारखे वाटत होते. पाऊस खिडकीतून आत येत होता, म्हणून पिशवीवर ओढणी टाकली.

घरी येताच पहिले काम केले ते हिशेबाच्या फाईली पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. आणि एक प्रत स्वतःलाच ई-मेलने पाठवण्याचे. या लेखात पुढे जे काही सांगणार आहे त्यातले काहीही करण्याआधी हे करावे. त्याला दहा मिनिटे लागतात. मला वर्षभरात ती दहा मिनिटे मिळाली नव्हती.

यानंतर मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते. खिडकीतले फाईलचे नाव मी इंटरनेटवर शोधले. फाईल हरवली आहे ना, मग ती मिळवून जागेवर ठेवली की झाले, असा माझा सरळ हिशेब. अशा हरवलेल्या फाईली फुकट पुरवतो म्हणणारी कितीतरी पाने निघाली. एका पानावर हिरवे बटण होते. दाबले, तर फाईल नव्हे, फाईली 'दुरुस्त' करणारा एक प्रोग्राम उतरला. तो बसवायला घेतला, 'नेक्स्ट' दाबले, पुन्हा 'नेक्स्ट', आणि तिसऱ्या खिडकीत खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. आणखी कुठलातरी टूलबार बसवण्यास माझी संमती आहे, असे तिथे लिहिले होते आणि पुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती.

ती खूण मी यापूर्वी कुठेतरी पाहिली होती.

तेव्हा सगळे आठवले. जूनमध्ये गटाची जुनी इतिवृत्ते मला कोणीतरी फाईलमध्ये आणून दिली होती. ती टायपिंगवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाईप केलेली. माझ्या लॅपटॉपवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. (मराठी मजकुराची ही दुर्दशा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी एक फुकट 'कन्व्हर्टर' शोधून उतरवला होता आणि बसवताना घाईघाईने 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' केले होते. कन्व्हर्टर धड चाललाच नाही. त्याच्याबरोबर आलेले बिऱ्हाड मात्र घरात शिरले होते. त्या प्रोग्रामचे नाव इथे देत नाही. दाराला कडी मीच घातली नव्हती, आणि नाव दिले तरी त्याचे सोबती दुसऱ्या नावाने येतच असतात.

फुकट प्रोग्रामच्या गठ्ठ्यात दुसरे प्रोग्राम बांधून देण्याची ही रीत जुनी आहे आणि तिच्यामागे अर्थशास्त्र आहे. प्रोग्राम फुकट वाटणाऱ्याला पैसे कोण देतो? ज्याला आपला टूलबार, आपले शोधाचे पान किंवा आपल्या जाहिराती आपल्या संगणकावर हव्या असतात तो. दर संगणकामागे ठरावीक रक्कम. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बसवणुकीमागे साधारण दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर मिळतो, असे त्यांना दिसले. अशा नको असलेल्या प्रोग्रामच्या बाबतीत गूगलची सुरक्षायंत्रणा त्या काळी आठवड्याला सहा कोटींहून अधिक इशारे देत होती, आणि ही संख्या खऱ्याखुऱ्या व्हायरसांबद्दलच्या इशाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. म्हणजे माझी ती एक 'नेक्स्ट' कोणाच्या तरी खात्यावर काही पैसे जमा करून गेली. मोठमोठी नावेही यातून सुटलेली नाहीत. ओरॅकल कंपनीच्या जावाबरोबर 'आस्क'चा टूलबार कित्येक वर्षे येत असे, आणि त्याची खूणही आधीच केलेली असे. नेटवर्क तपासण्याचा 'एनमॅप' हा प्रोग्राम डाउनलोड.कॉम या प्रसिद्ध ठिकाणी अशाच वेष्टनात गुंडाळून दिला जातो, हे डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले तेव्हा त्याच्या कर्त्याने, गॉर्डन लायन यांनी, जाहीर निषेध केला. चित्रकामाचा 'गिम्प' हा मुक्त प्रोग्राम तर २०१३ मध्ये अशाच कारणांवरून सोर्सफोर्ज सोडून गेला होता. तरी २०१५ मध्ये तिथे त्याच्या नावाने वेष्टन घातलेली प्रत दिली जात असल्याचे आढळले. पुढे २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी वेष्टनाची ती योजना बंद केली. कर्त्याने प्रामाणिकपणे केलेल्या वस्तूला वाटेतला अडत्या काय करतो, हे शेतकऱ्याच्या मुलीला निराळे सांगायला नको.

परंतु माझा प्रश्न अजून तसाच होता. पाहुणा घरात शिरला हे कळले. पण मग त्याची फाईल हरवली कशी? आणि हरवली असेल तर ती मागतो आहे कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विंडोजमध्येच होते. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'प्रोटेक्शन हिस्ट्री' पाहिली, तर तिथे एक नोंद होती : अमुक फाईल, त्याच फोल्डरातली, नको असलेला प्रोग्राम म्हणून बाजूला काढली. तारीख पाहिली. खिडकी पहिल्यांदा दिसली त्याच्या आदल्या रात्रीची! म्हणजे फाईल हरवलेलीच नव्हती. विंडोजच्या रखवालदाराने, डिफेंडरने, तिला धरून बाहेर काढले होते. आणि मी वेडी तिला शोधून परत घरात आणायला निघाले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या ग्रंथालयात मिळाले. ग्रंथपाल मॅडम जुनी तालिकापत्रे चाळत होत्या. मी सहज माझे रडगाणे सांगितले. डीएलएल म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. मी वाचून आले होते, म्हणून सांगितले की त्यातल्या शेवटच्या 'एल'चा अर्थच मुळी 'लायब्ररी'. अनेक प्रोग्रामना लागणारी कामे एका फाईलमध्ये ठेवलेली असतात, ज्याला हवे त्याने ती उघडून वापरावीत. त्या हसल्या आणि हातातले कार्ड माझ्यापुढे धरले. 'हे बघ. हे पुस्तक वाळवीनं खाल्लं म्हणून आम्ही चार वर्षांपूर्वी निर्लेखित केलं. कपाटात नाही. पण कार्ड काढायचं राहून गेलं. मुलं कार्ड बघून मागतात, शिपाई कपाटापर्यंत जातो आणि रिकामा परत येतो. दर वर्षी.'

'मग तुम्ही काय करता?'

'काय करणार? पुस्तक थोडंच आणायचंय? कार्ड काढते.'

त्याच रात्री जेवताना आण्णांना मी हे सांगितले, तर त्यांनी ते आणखी एका वाक्यात उरकले. आमचे आजोबा जाऊन नऊ वर्षे झाली, तरी सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे आणि नोटिसा त्यांच्याच नावाने येतात. आण्णा म्हणाले, 'मानूस गेला म्हनून नाव आपोआप जात न्हाई, बाळ. मयताचं नाव कमी करावं लागतं. त्याला अर्ज लागतो.'

वाचकांपैकी ज्यांना संगणकाची भीती वाटते त्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे. विंडोज सुरू होताना कोणाकोणाला उठवायचे याच्या याद्या असतात. बिनबोलावता आलेला प्रोग्राम अशा एखाद्या यादीत आपले नाव घालून ठेवतो. डीएलएल फाईल स्वतःच्या पायांनी चालू शकत नाही, तिला चालवायला विंडोजचा 'रनडीएलएल३२' नावाचा एक सेवक असतो. नंतर अँटिव्हायरस फाईल काढतो, किंवा आपण प्रोग्राम अर्धवट काढून टाकतो. फाईल जाते, यादीतले नाव राहते. दुसऱ्या दिवशी सेवक यादी घेऊन निघतो, सांगितलेल्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी नसते, आणि तो परत येऊन आपल्याला सांगतो : सापडले नाही. तो बिचारा खरेच सांगत असतो. त्याला कोरा करून, पाचशे रुपये देऊन, काय उपयोग?

हे काही एकट्या माझ्या लॅपटॉपचे वैशिष्ट्य नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी 'कॉन्ड्युट' टूलबारमुळे जगभरच्या लोकांना 'बॅकग्राउंडकंटेनर.डीएलएल' सापडत नाही, असा हाच संदेश येत असे. टूलबार काढला तरी वेळापत्रकातली नोंद मागे राही. उपायही तोच होता, ती नोंद काढणे.

आता याद्या कोणत्या, ते सांगते. मी ज्या क्रमाने चुकत गेले त्याच क्रमाने.

पहिली यादी टास्क मॅनेजरमध्ये असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो उघडतो. त्यात 'स्टार्टअप' हा भाग आहे. (विंडोज ७ मध्ये हा भाग टास्क मॅनेजरमध्ये नव्हता, 'एमएसकॉन्फिग'मध्ये होता.) तिथे नावे वाचताना एक फसगत होऊ शकते. आपला गुन्हेगार स्वतःच्या नावाने न दिसता 'विंडोज होस्ट प्रोसेस' अशा सभ्य नावाने दिसू शकतो, कारण प्रत्यक्ष चालणारा सेवक विंडोजचाच असतो. नावावर उजवी कळ दाबून तपशील पाहावा. माझ्या यादीत तसे काहीच नव्हते.

दुसरी यादी रजिस्ट्रीत. तिथे 'करंट यूजर'च्या खाली सॉफ्टवेअर, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन आणि शेवटी 'रन' असे उतरत जावे लागते; 'लोकल मशीन'च्या खालीही असाच एक 'रन' आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचे दप्तर. तिथे चुकीची ओळ पुसली तर परत मिळत नाही, म्हणून काही पुसण्याआधी 'एक्सपोर्ट' करून त्या भागाची प्रत घ्यावी. मी प्रत घेतली, दोन्ही ठिकाणी वाचले, आणि काही न पुसता बाहेर आले, कारण तिथेही ते नाव नव्हते. खरे सांगायचे तर एव्हाना रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आई दोनदा उठून 'झोप आता' म्हणून गेली होती.

तिसरी यादी 'टास्क शेड्यूलर'. स्टार्टमध्ये हेच नाव लिहून शोधले की मिळते. डाव्या बाजूला 'टास्क शेड्यूलर लायब्ररी' (पुन्हा लायब्ररीच!) निवडली की ठरवून दिलेली कामे ओळीने दिसतात. त्यात गूगलच्या, एजच्या, वनड्राइव्हच्या अद्ययावत करण्याच्या नोंदी असतात. त्यांना हात लावायचे कारण नाही. प्रत्येक नोंद निवडून खालचे दोन भाग वाचावेत : 'ट्रिगर्स', म्हणजे काम कधी करायचे, आणि 'ॲक्शन्स', म्हणजे काय करायचे. सातव्या की आठव्या नोंदीवर मी थांबले. ट्रिगर : वापरणाऱ्याने प्रवेश केला की. ॲक्शन : रनडीएलएल३२, आणि त्यापुढे तोच लांबलचक पत्ता, ॲपडेटा, लोकल, तेच अनोळखी फोल्डर, तोच अक्षरांचा पुंजका. खिडकीतला पत्ता मी वहीत उतरवून ठेवला होता. अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. जुळले.

मी ती नोंद लगेच पुसली नाही. उजवी कळ दाबून 'डिसेबल' केले, म्हणजे नाव यादीत राहू दिले पण हाक बंद केली. लॅपटॉप बंद करून सुरू केला. पडदा उजळला, चिन्हे आली, घड्याळ आले. मी श्वास रोखून पाहत होते. खिडकी आली नाही. आणखी एकदा बंद करून सुरू केला. नाही आली. दोन दिवस सगळे नीट चालते आहे असे पाहिले आणि मग 'डिलीट'. आधी थांबवावे, मग पुसावे, हा क्रम मी कोणाकडून शिकले नाही. पण आता मोडणार नाही.

जिला तीन-तीन याद्या धुंडाळण्याचा कंटाळा आहे तिच्यासाठी 'ऑटोरन्स' नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या 'सिसइंटर्नल्स'चा तो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतले, आणि तेव्हापासून तो मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळतो. तो या सर्व याद्या एकत्र दाखवतो आणि ज्या नोंदीची फाईल जागेवर नाही तिला पिवळा रंग देतो. पिवळे दिसले म्हणून सरसकट पुसत सुटू नये, नाव आणि पत्ता वाचावा. इथेही आधी डावीकडची खूण काढावी, म्हणजे नोंद थांबते; पुसणे नंतर. हा प्रोग्राम मला पहिल्या दिवशी ठाऊक असता तर हा लेख निम्मा झाला असता.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या सांगण्याने कोणाचे नुकसान व्हायचे. फाईल सापडत नाही असा प्रत्येक संदेश या जातीचा नसतो. संगणक सुरू होताक्षणी येणारा, 'रनडीएलएल' नावाचा आणि ॲपडेटासारख्या फोल्डरातला अनोळखी पत्ता दाखवणारा संदेश बहुधा कार्ड राहिलेल्या पुस्तकाचा असतो. परंतु एखादा ठरावीक प्रोग्राम उघडतानाच 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल' नाही असे येत असेल, तर तिथे पुस्तक खरेच हवे आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' या संचात असते आणि तो संच मायक्रोसॉफ्टच्याच ठिकाणाहून घ्यावा. एकटी फाईल कुठल्यातरी पानावरून आणू नये. आणि विंडोजच्या स्वतःच्या फाईली बिघडल्याचा संशय असेल तर 'कमांड प्रॉम्प्ट' प्रशासक म्हणून उघडून 'एसएफसी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'स्कॅननाऊ' ही आज्ञा द्यावी, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ती विंडोजच्या फाईली तपासून दुरुस्त करते. माझ्या दुखण्यावर ती मी दिली होती. तिने सांगितले, सर्व ठीक आहे. तिच्या दृष्टीने ते ठीकच होते!

खिडकी गेली तरी ते भलतेच शोधाचे पान राहिले होते. 'ॲप्स'च्या यादीत तारखेप्रमाणे क्रम लावला आणि कन्व्हर्टर बसवल्याच्या दिवशी आलेले आणखी दोन प्रोग्राम सापडले, ते काढले. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये एक अनोळखी पाहुणा होता, त्यालाही काढले. तरी पान येतच होते. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडली. 'टार्गेट' नावाच्या चौकटीत ब्राउझरच्या पत्त्यानंतर, अवतरणचिन्ह संपल्यावर, त्या शोधपानाचा पत्ता चिकटवलेला होता. चिन्ह दाबले की ब्राउझर त्या पत्त्यासकटच उघडत असे. शेपूट पुसली. पान गेले. जाता जाता 'विंडोज सिक्युरिटी'मधली नको असलेले प्रोग्राम अडवण्याची सोयही पाहून घेतली. मे २०२० च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती तिथे आहे. माझ्याकडे प्रोग्राम अडवण्याची खूण होती, उतरतानाच अडवण्याची नव्हती. ती केली.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा लॅपटॉप विंडोज ११ घेण्याच्या वयाचा नाही, हे दुखणे वेगळेच आहे. त्यासाठी पुन्हा गटापुढेच हात पसरावा लागणार.

दर महिन्याच्या दहा तारखेला गटाची बैठक आमच्या पडवीत भरते. ऑगस्टच्या बैठकीत मी लॅपटॉप उघडला, फाईल उघडली आणि आकडे वाचू लागले. शेजारच्या काकू पडद्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, 'ती मधली चौकट आज आली न्हाई गं? मला वाटायचं ती गटाचीच हाय.'

'तिचं नाव कमी केलं,' आईने सांगितले, आणि वही पुढे ओढली. वहीत लिहिणे आम्ही पुन्हा सुरू केले आहे. 'वाच गं, जुलैचा हप्ता कुनाकुनाचा राहिलाय?'